लायसन्सची ऑनलाइन नोंद सापडत नाही? शोध कुठून सुरू करायचा आणि कुठवर न्यायचा

खिशात लायसन्स आहे, त्यावर इतकी वर्षं गाडी चालवली आहे, आणि परिवहनच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की उत्तर येतं, तपशील उपलब्ध नाही. बहुतेकांना हे कळतं ते नको त्या वेळी. नूतनीकरणाची तारीख तोंडावर आलेली असते, अपघातानंतर विमा कंपनी लायसन्सची पडताळणी मागत असते, किंवा चालकाच्या नोकरीसाठी कागद तपासायला गेलेले असतात. माणूस घाबरतो आणि कार्यालयाच्या फाटकाबाहेर कुणीतरी सांगतं, "जुनं सोडा, नवीनच काढून टाकू." हा सल्ला मुळीच ऐकू नका. त्याची कारणं पुढे दिली आहेत. नोंद न दिसण्यामागे अनेक कारणं असतात, त्यातली बरीच घरबसल्या सुटतात. जी सुटत नाहीत त्यांच्यासाठी कार्यालयात जावंच लागतं, पण तेव्हा नेमकं काय मागायचं हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

उदाहरणं महाराष्ट्रातल्या लायसन्सची घेतली आहेत. 'सारथी' ही लायसन्सच्या नोंदींची सरकारी संगणक प्रणाली जवळजवळ देशभर वापरली जाते, त्यामुळे शोधाची पद्धत इतर राज्यांतही साधारण हीच राहते.

नोंद मुळात असते कुठे

सध्याचा मोटार वाहन अधिनियम १९८८चा, लागू झाला १ जुलै १९८९ पासून. त्या काळात लायसन्स म्हणजे फोटो चिकटवलेलं, हाताने भरलेलं, शिक्के मारलेलं छोटं पुस्तक. त्याची नोंद आरटीओच्या जाडजूड नोंदवहीत व्हायची आणि तिथेच राहायची. पुढे कार्यालयांत संगणक आले. तेव्हाची 'सारथी' प्रत्येक कार्यालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालायची, एका कार्यालयाची माहिती दुसऱ्याला दिसायची नाही. नंतर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, ती इंटरनेटवरची मध्यवर्ती प्रणाली केली आणि कार्यालयांमधली माहिती तिच्यात आणली गेली. मूळ कायद्यात राज्याच्या नोंदवहीसाठी कलम २६ होतं, आणि २०१९च्या दुरुस्तीने कलम २५-अ घालून लायसन्सची राष्ट्रीय नोंदवही आणली.

म्हणजे जुन्या लायसन्सच्या नोंदीची दोनदा बदली झाली आहे: वहीतून स्थानिक संगणकात आणि तिथून मध्यवर्ती प्रणालीत. बदलीत काही नोंदी चढवायच्याच राहिल्या, काहींच्या आकड्यांत किंवा तारखांत चूक झाली, तर काही वेगळ्याच साच्यात बसल्या. तुमचं लायसन्स कोणत्या काळातलं आहे ते आधी पाहा. हाताने लिहिलेलं पुस्तक असेल तर नोंद चढलीच नसण्याची शक्यता मोठी. चिपचं कार्ड असेल तर नोंद संगणकात नक्की होती, मग प्रश्न बहुधा क्रमांकाच्या किंवा जन्मतारखेच्या फरकाचा असतो. गेल्या काही वर्षांतलं क्यूआर कोडचं कार्ड असेल तर दोष बहुतेक वेळा माहिती भरण्यातच सापडतो.

ऑनलाइन नोंद दिसत नाही एवढ्यावरून लायसन्स रद्द झालं असं होत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेलं, मुदतीतलं मूळ लायसन्स हे लायसन्सच आहे. अडचण पडताळणीची आहे, आणि पडताळणीशिवाय आता नूतनीकरणही पुढे सरकत नाही. म्हणून हे काम अडण्याची वाट न पाहता करून ठेवावं.

पहिली पायरी: क्रमांक साच्यात बसवा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या, कारण सर्वांत जास्त गाठी इथेच सुटतात.

सारथीतला क्रमांक चार तुकड्यांचा असतो: राज्याची दोन अक्षरं, कार्यालयाचा दोन आकडी संकेत, लायसन्स दिल्याचं चार आकडी वर्ष, आणि शेवटी सात आकडी अनुक्रमांक. मोकळी जागा आणि आडव्या रेघा सोडल्या तर एकूण १५ अक्षरं-आकडे. जुन्या पुस्तकावर किंवा कार्डावर क्रमांक असा छापलेला नसतो. कुठे मध्ये तिरप्या रेघा असतात, कुठे वर्ष शेवटी असतं, कुठे वर्षाचे दोनच आकडे असतात, तर कुठे मध्ये 'डीएल' लिहिलेलं असतं. तो जसाच्या तसा टाकला तर यंत्रणा नाही म्हणणारच.

तो असा बदलून घ्या. कार्यालयाचा संकेत एकाच आकड्याचा लिहिला असेल तर आधी शून्य लावा, म्हणजे एमएच-४ चं एमएच-०४. वर्ष ९८ असेल तर १९९८ करा. अनुक्रमांक सातपेक्षा कमी आकड्यांचा असेल तर डावीकडून शून्यं भरून सात करा, जसं ४५६७ चं ०००४५६७. मधल्या रेघा, तिरप्या खुणा, 'डीएल'सारखी अक्षरं काढून टाका. आधी सलग टाकून पाहा, मग संकेतानंतर एक मोकळी जागा सोडून पाहा.

वर्ष कोणतं घ्यायचं यावर बरेच जण अडतात. कार्डावर दोन-तीन तारखा असतात: पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची, या कार्डाची छपाई झाल्याची, एखादा वाहनप्रकार वाढवल्याची. क्रमांकातलं वर्ष बहुधा पहिल्यांदा मिळाल्याचं असतं. पण कधी नूतनीकरणाच्या वेळी जुना क्रमांक संगणकात बसवताना नूतनीकरणाचं वर्ष पडलेलं असतं. म्हणून दोन्ही वर्षं घालून पाहा.

कार्यालयाचा संकेतही तपासा. महाराष्ट्रात जुन्या कार्यालयांची हद्द वाटून नवी कार्यालयं झाली. बोरिवलीचा संकेत आज ४७ आहे, पण तिथल्या माणसाचं जुनं लायसन्स अंधेरीचं, म्हणजे ०२ चं असतं. पनवेलला आता ४६ आहे, आधी तो भाग पेणच्या ०६ मध्ये होता. लायसन्सवर छापलेलाच संकेत घ्या, आज तुम्ही ज्या कार्यालयाच्या हद्दीत राहता त्याचा घेऊ नका.

आणखी तीन बारीक गोष्टी. फोनवर मराठी कीबोर्ड सुरू असेल तर आकडे देवनागरीत उमटतात आणि शोध फसतो. क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाका. झिजलेल्या कार्डावर शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय, आठ आणि बी यांची गफलत होते. राज्याची दोन अक्षरं सोडली तर आजच्या साच्यात पुढे सगळे आकडेच असतात, एवढं लक्षात ठेवलं की ती मिटते. तिसरी गोष्ट: तुमच्या हातात लायसन्सचाच क्रमांक आहे ना? शिकाऊ लायसन्सचा क्रमांक वेगळा, ऑनलाइन अर्जाचा क्रमांक वेगळा. पावतीवर ठळक छापलेला असतो तो बहुधा अर्जाचा, आणि तो लायसन्सच्या चौकटीत टाकून काही मिळत नाही.

दुसरी पायरी: जन्मतारीख

क्रमांक बरोबर असूनही जन्मतारीख जुळली नाही तर नोंद दिसत नाही. संदेशावरून मात्र चूक नेमकी कशात आहे ते कळतंच असं नाही. आधी लायसन्सवर छापलेली तारीख टाका, आधारवरची वेगळी असली तरी. त्याने जमलं नाही तर आधारवरची, मग शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची. तिथेही नाही तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल करून पाहा. ५ ऑगस्टचा ८ मे झालेला असणं ही माहिती चढवणाऱ्याची नेहमीची चूक आहे. जुन्या लायसन्सच्या नोंदीत कधी कधी जन्मवर्षाची १ जानेवारी बसवलेली आढळते, तीही एकदा तपासा.

कोणत्या तारखेला नोंद उघडली ते लिहून ठेवा. चुकीच्या तारखेला उघडली तर नोंद आहे पण जन्मतारीख दुरुस्त करायची आहे, असं झालं. नोंद नाही म्हणून फिरण्यापेक्षा हे काम कितीतरी सोपं आहे.

तिसरी पायरी: तीन ठिकाणी पाहा आणि फरक वाचा

एकाच ठिकाणी बघून निष्कर्ष काढू नका. परिवहनच्या संकेतस्थळावर लायसन्सचा तपशील पाहण्याची सोय आहे, तिथे क्रमांक आणि जन्मतारीख लागते. एमपरिवहन ॲपमध्ये लायसन्सची आभासी प्रत तयार करता येते. डिजिलॉकरमध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाकडून लायसन्स मागवता येतं. तिघांचा उगम एकच असला तरी ओळख पटवण्याची पद्धत वेगळी आहे, आणि आपल्याला त्या फरकाचाच उपयोग करायचा आहे.

संकेतस्थळावर दिसतं, पण डिजिलॉकरमध्ये येत नाही: नोंद ठीक आहे, फक्त आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळत नाही. डिजिलॉकर आधारमधलं नाव ताडून पाहतं. आपल्याकडे हे फार होतं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे फक्त आद्याक्षर. लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं आणि लायसन्सवर माहेरचंच. यासाठी बॅकलॉग (जुन्या वहीतली नोंद संगणकात चढवणं) वगैरे काही लागत नाही, लायसन्सवरचं नाव बदलण्याचा अर्ज करायचा किंवा आधार दुरुस्त करायचं. दोन्हींपैकी इतर कागदांशी, म्हणजे पासपोर्ट, पॅन, दाखला यांच्याशी जे जुळतं ते ठेवून दुसरं बदला.

संकेतस्थळावर दिसतं, ॲपमध्ये नाही: ॲप अद्ययावत करा, बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करा, नाहीच जमलं तर दोन-चार दिवसांनी पाहा. फार मनावर घेऊ नका.

तिन्हीकडे नाही: मग एक चौथी जागा पाहायची. सारथीवर राज्य निवडा आणि लायसन्सविषयक सेवांमध्ये नूतनीकरण किंवा पत्ता बदलण्याचा अर्ज सुरू करा. तिथे क्रमांक आणि जन्मतारीख टाकून तपशील मागवण्याची पायरी येते. तपशील आला तर नोंद आहे. सेवेची गरज नसेल तर अर्ज सादर न करता तिथेच थांबा. इथेही काही आलं नाही, आणि क्रमांक-तारखेचे सगळे पर्याय संपले असतील, तर नोंद खरोखर चढलेली नाही किंवा तिचा क्रमांक वेगळाच आहे असं समजून पुढे जा.

प्रत्येक ठिकाणच्या संदेशाचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. कार्यालयातल्या खिडकीवर तोंडी सांगण्यापेक्षा याचा उपयोग फार होतो.

तेलंगणातून लायसन्स काढलेल्यांसाठी, आणि नांदेड-चंद्रपूरच्या सीमेवर असे लोक बरेच आहेत, एक सूचना: त्या राज्याने बराच काळ स्वतःची वेगळी यंत्रणा वापरली. त्यामुळे सारथीत नोंद न मिळण्यात आश्चर्य नाही. शोध तेलंगणाच्या परिवहन विभागाच्या संकेतस्थळापासून सुरू करा.

हे सगळं करताना संकेतस्थळाचा पत्ता गव्ह-डॉट-इन ने संपतो आहे याची खात्री करा. परिवहनच्या नावाने बनावट संकेतस्थळं आहेत, आणि व्हॉट्सॲपवरून ॲपची फाइल पाठवून फसवणारेही आहेत. ॲप अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. आलेली फाइल उघडू नका, ओटीपी कुणालाही देऊ नका.

नुकतंच काढलेलं लायसन्स

चाचणी पास झाली म्हणजे लायसन्सचा क्रमांक लगेच तयार होतोच असं नाही. अधिकाऱ्याची मंजुरी बाकी असू शकते. सारथीवर अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख टाकून अर्जाची स्थिती पाहा. मंजुरी थकली असेल तर त्या कार्यालयात अर्ज क्रमांक घेऊन विचारणा करा. यापलीकडे काही करायचं नाही.

नोंद आहे, पण अपुरी

हा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण नोंद दिसली की माणूस निश्चिंत होतो. तपशील उघडला की ओळ न् ओळ वाचा. नावाची काही अक्षरं झाकलेली दिसतात, त्याची काळजी नको. पाहायचं ते वाहनप्रकार, प्रत्येक प्रकार मिळाल्याची तारीख, वाहतूक (व्यावसायिक) आणि बिगर-वाहतूक (खासगी) वाहनांच्या मुदती, लायसन्सची सद्यस्थिती.

नेहमीची उणीव म्हणजे एक वाहनप्रकार गळणं. पुस्तकात मोटारसायकल आणि हलकं वाहन दोन्ही होतं, संगणकात चढवताना हलकं वाहन तेवढं चढलं. मालक कार चालवतो म्हणून त्याच्या लक्षात येत नाही, आणि मुलाची दुचाकी घेऊन निघाल्यावर तपासणीत कळतं की त्याच्याकडे दुचाकीचं लायसन्सच 'नाही'. व्यावसायिक चालकांचं नुकसान याहून मोठं. जड वाहनाचा प्रकार किंवा तो मिळाल्याची मूळ तारीख गळली तर इतक्या वर्षांचा अनुभव कागदावर उरत नाही.

अशा वेळी तो प्रकार नव्याने वाढवण्याचा अर्ज करू नका. त्यासाठी पुन्हा शिकाऊ लायसन्स आणि चाचणी लागते, शिवाय तारीख आजची पडते. नोंद दुरुस्तीचा अर्ज करा आणि जुन्या पुस्तकाचं ते पान पुरावा म्हणून जोडा. जुनं पुस्तक किंवा कार्ड फेकायचं नाही ते याचसाठी. नवं कार्ड घेताना जुनं जमा करावं लागलं तर आधी सगळ्या पानांची रंगीत प्रत काढून ठेवा, कोऱ्या दिसणाऱ्या पानांचीही. शिक्का कुठे असेल सांगता येत नाही.

नवीन लायसन्स का काढायचं नाही

कायद्याच्या कलम ६ प्रमाणे एक लायसन्स अमलात असताना दुसरं ठेवता येत नाही. आधी लायसन्स नव्हतं असं भासवून केलेला अर्ज म्हणजे खोटी माहिती. जुनी नोंद उद्या वर आली तर तुमच्या नावावर दोन लायसन्सं दिसतील आणि दोन्ही संशयात सापडतील. आणि सगळा पूर्वइतिहास जातो. व्यावसायिक चालकाला याचा थेट फटका बसतो, कारण वाहतूक वाहनाच्या शिकाऊ लायसन्ससाठीच हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष असावं लागतं. वीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या इयत्तेत बसवायला निघालेल्या एजंटाचं ऐकायचं कारण नाही.

चौथी पायरी: कार्यालयात जाण्याआधीची तयारी

ज्या कार्यालयाने लायसन्स दिलं तिथेच जायचं, कारण मूळ वही तिथे आहे. मध्ये घर बदललं असेल आणि जवळच्या कार्यालयात काम करायचं असेल तर ते मूळ कार्यालयाकडून खातरजमा किंवा ना-हरकत मागतात. दोन कार्यालयांमधला पत्रव्यवहार आपोआप होईल यावर विसंबू नका. शक्य असेल तर मूळ कार्यालयात स्वतः जाऊन नोंद चढवून घ्यावी, पुढचं काम मग कुठूनही होतं.

सोबत मूळ लायसन्स आणि त्याच्या सर्व पानांच्या झेरॉक्स, आधार, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि ते स्क्रीनशॉट ठेवा. त्याशिवाय घरात शोधाशोध करून जेवढं जुनं सापडेल तेवढं गोळा करा: शिकाऊ लायसन्स, फी भरल्याच्या पावत्या, ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र, आंतरराष्ट्रीय परवाना काढला असेल तर तो, लायसन्सची प्रत जोडलेला विम्याचा जुना दावा. नोंदवहीचं पान फाटलेलं किंवा शाई पुसलेली असली तर या बाजूच्या पुराव्यांवरच काम तरतं.

तोंडी विनंती करून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. अर्ज साधा असावा, म्हणजे असा:

प्रति,
मा. अनुज्ञप्ती प्राधिकारी,
प्रादेशिक / उपप्रादेशिक परिवहन कार्यालय, (ठिकाण)

विषय: वाहन चालविण्याच्या अनुज्ञप्तीची नोंद सारथी प्रणालीत घेण्याबाबत.

महोदय / महोदया,
माझी अनुज्ञप्ती क्र. (लायसन्सवर आहे तसाच) आपल्या कार्यालयाने दि. (तारीख) रोजी दिलेली आहे. ती (वाहनप्रकार) या प्रकारांसाठी असून (तारीख) पर्यंत वैध आहे. सारथी प्रणालीत दि. (तारीख) रोजी शोध घेतला असता सदर नोंद आढळली नाही. छापील क्रमांक, तसेच १५ अंकी साच्यात रूपांतरित क्रमांक, दोन्हींनी शोध घेतला आहे. पडद्यावरील संदेशाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.
तरी कार्यालयातील मूळ नोंदवहीवरून खातरजमा करून सर्व वाहनप्रकार व मूळ तारखांसह नोंद प्रणालीत घ्यावी, ही विनंती. नोंद अन्य क्रमांकाने घेतली गेली असल्यास तो क्रमांक लेखी कळवावा.

आपला / आपली विश्वासू,
(नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, सही)
सोबत: (कागदांची यादी)

शेवटची ओळ गाळू नका. नोंद असूनही क्रमांक बदललेला असतो तेव्हा तीच उपयोगी पडते. कर्मचाऱ्यांना प्रणालीत नाव आणि जन्मतारखेवरूनही शोध घेता येतो. तसा शोध घ्यावा अशी विनंती खिडकीवरही करा.

पाचवी पायरी: बॅकलॉग नोंद

वहीत असलेली पण संगणकात नसलेली नोंद चढवण्याला कार्यालयात बॅकलॉग एंट्री म्हणतात. लिपिक अभिलेख कक्षातून वही काढतो, तुमचं लायसन्स तिच्याशी ताडतो, माहिती भरतो आणि अधिकारी मंजुरी देतो. या वाटेने बनावट लायसन्सं घुसवण्याचे प्रकार झाल्यामुळे ती आता सहज उघडली जात नाही. कर्मचारी जास्त कागद मागतो किंवा वरिष्ठांची परवानगी लागेल म्हणतो तेव्हा तो अडवणूकच करतो आहे असं समजू नका. स्वतः सही करणाऱ्या माणसाला खात्री हवी असते. मात्र काय बाकी आहे आणि कुणाकडे बाकी आहे, हे दोन प्रश्न प्रत्येक भेटीत विचारा आणि उत्तर अर्जाच्या प्रतीमागे तारखेसह लिहून ठेवा.

माहिती भरली जात असताना तुम्ही समोर असाल तर मंजुरीआधी पडदा पाहू देण्याची विनंती करा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारप्रमाणे, जन्मतारीख, सर्व वाहनप्रकार, प्रत्येकाची मूळ तारीख, मोबाइल क्रमांक. इथली पाच मिनिटं पुढचे हेलपाटे वाचवतात.

मुदत संपत आली असेल तर

नोंदीचं काम आणि नूतनीकरण यांची एकमेकांना वाट पाहायला लावू नका. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी एक वर्षापासून करता येतो. मुदत संपून एक वर्ष उलटलं की पुन्हा चाचणी द्यावी लागते. शिवाय मुदत संपल्यापासून नूतनीकरण होईपर्यंत गाडी चालवता येत नाही, कारण पूर्वीची तीस दिवसांची सवलत २०१९च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे.

म्हणून नोंद चढवण्याच्या अर्जातच मुदतीची तारीख ठळक लिहा आणि नूतनीकरणाची लेखी विनंतीही त्याच दिवशी आवक करून घ्या. चाळिशी ओलांडलेल्यांनी नमुना १-अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र तयार ठेवावं. नोंद नसल्यामुळे ऑनलाइन अर्ज भरता आला नाही याचा शिक्का असलेला पुरावा हातात असला तर उशिराबद्दल वाद घालताना तुमची बाजू भक्कम राहते.

लायसन्सही हरवलं आणि क्रमांकही आठवत नाही

आधी क्रमांक मिळवा. जिथे जिथे लायसन्सची झेरॉक्स दिली ती ठिकाणं आठवा: नोकरीची फाइल, विमा एजंट, बँक, पासपोर्टच्या कागदांचा संच, भाड्याने गाडी घेतलेली कंपनी. ड्रायव्हिंग स्कूल अजून चालू असेल तर त्यांच्या रजिस्टरमध्येही मिळतो. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा, महाराष्ट्रात ती ऑनलाइनही होते. मग मूळ कार्यालयात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, तेव्हाचा पत्ता आणि अंदाजे वर्ष देऊन शोधाची लेखी विनंती करा. वर्ष जितकं नेमकं सांगाल तितकं बरं, कारण वह्या वर्षावार असतात आणि कुणीही तुमच्यासाठी दहा वर्षांच्या वह्या चाळणार नाही. क्रमांक सापडला की दुय्यम प्रतीचा अर्ज, त्याआधी नाही.

वहीतही नोंद नसेल तर

दोन शक्यता उरतात. वही खराब झाली, हरवली, किंवा पान वाचता येत नाही: अशा वेळी पावत्या, जुन्या नूतनीकरणाचे शिक्के, दुसऱ्या कार्यालयातली नोंद यांच्या आधारे अधिकारी निर्णय घेऊ शकतो. प्रतिज्ञापत्र मागितलं तर द्या, त्यात आठवतं तेवढंच खरं लिहा.

दुसरी शक्यता जड आहे. वही शाबूत आहे, त्या क्रमांकावर दुसऱ्याच माणसाचं नाव आहे, आणि तुम्ही कधी चाचणीला गेलाच नव्हता, लायसन्स कुणीतरी घरपोच आणून दिलं होतं. म्हणजे ते बनावट होतं. अनेकांना हे खरोखर माहीत नसतं, विशेषतः गावाकडून कामासाठी शहरात आलेल्या आणि ओळखीच्या माणसाच्या हाती पैसे दिलेल्या चालकांना. त्या लायसन्सवर गाडी चालवणं त्याच क्षणी थांबवा. नोंद 'करून देतो' म्हणणाऱ्याकडे पुन्हा पैसे देऊ नका. वकिलाचा सल्ला घ्या, मग रीतसर शिकाऊ लायसन्स, चाचणी आणि पक्कं लायसन्स या मार्गाने जा. अपघात झाला तर हा कागद विम्याच्या दाव्यात उभा राहणार नाही, आणि नुकसानभरपाईचा बोजा गाडीमालकाच्या अंगावर येऊ शकतो.

अर्ज पडून राहिला तर

आधी शाखेच्या अधिकाऱ्याला, मग कार्यालयप्रमुखाला भेटा, आवक क्रमांकासह स्मरणपत्र द्या. तेवढ्याने हललं नाही तर राज्याच्या 'आपले सरकार' तक्रार संकेतस्थळावर अर्जाची शिक्का असलेली प्रत जोडून तक्रार नोंदवा.

माहिती अधिकार अधिनियम २००५ चा अर्ज इथे विशेष उपयोगी पडतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'माझं काम का झालं नाही' असं विचारू नका, कागद मागा: अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या माझ्या अनुज्ञप्तीच्या नोंदवहीतल्या पानाची साक्षांकित प्रत, माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणी आणि कार्यवाहीची प्रत. स्वतःच्या नोंदीची माहिती मागत असल्याने ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. पानाची साक्षांकित प्रत मिळाली की नोंद नाही हे उत्तर कुणी देऊ शकत नाही. मुदतीत उत्तर आलं नाही तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.

नोंद दिसू लागल्यावर

त्याच दिवशी तपशील पुन्हा वाचा आणि चूक असेल तर लगेच लेखी कळवा. मोबाइल क्रमांक अद्ययावत करा, नाहीतर पुढच्या प्रत्येक सेवेचा ओटीपी बंद पडलेल्या जुन्या क्रमांकावर जाईल. मार्च २०२१च्या केंद्राच्या अधिसूचनेनंतर अनेक सेवा आधारच्या ओळखीवर घरबसल्या मिळतात, पण नाव आणि मोबाइल जुळले तरच. लायसन्स डिजिलॉकरमध्ये मागवून ठेवा. २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तपासणीच्या वेळी इलेक्ट्रॉनिक रूपातली कागदपत्रं दाखवता येतात. मोबाइलमध्ये काढलेला लायसन्सचा नुसता फोटो मात्र त्यात धरला जात नाही. नवा क्रमांक मिळाला असेल तर विमा कंपनीला आणि नोकरीच्या ठिकाणी जुना-नवा दोन्ही क्रमांक लेखी कळवा, आणि जुन्या पुस्तकाच्या रंगीत प्रती अर्जाच्या शिक्का असलेल्या प्रतीसोबत एकाच फाइलमध्ये लावून ठेवा.